पेनाच्या किटाचे मूळ कुठे सापडते

खानापूर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी मला एक प्रश्न विचारला आहे. त्यांनी छंद म्हणून छोटा लेथ घेतला, लाकडी पेन करण्यासाठी तीन विक्रेत्यांकडून तीन निरनिराळ्या नावांची किट मागवली, आणि पाकिटे उघडली तर तिन्हींतले सुटे भाग जवळजवळ सारखेच निघाले. तेव्हा यातले मूळ किट कोणाचे आणि नक्कल कोणाची, अशी किट मुळात कशी निघाली, ड्रिल नेमके ७ मिलिमीटरचेच का लागते, आणि बेळगावसारख्या घरोघरी लेथ असलेल्या गावात असे किट का तयार होत नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

सर, मी ३१ वर्षे बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर काढली. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे आत सरकणारे दांडे, कातणे हे माझे पोटापाण्याचे काम होते आणि लाकडी पेन हा गेल्या बारा वर्षांचा छंद आहे. त्यामुळे माझे उत्तर टर्नरचे, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याचे आहे. एखादा भाग हातात घ्यावा, त्याला व्हर्निअर हे बारीक मापाचे साधन लावावे आणि करणाऱ्याने तो असाच का केला असेल याचा विचार करावा, ही आमच्या धंद्याची रीत मी इथेही पाळली आहे.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. पेनाच्या कारखान्यात जे पेन जोडून, चकाकवून, डबीत घालून विकले जाते, तेच पेन न जोडता आणि उघड्या अंगाने विकले की त्याचे किट होते. लाकूड कातणाऱ्या माणसाने बसून, विचार करून, आपल्या गरजेपोटी घडवलेली ही वस्तू नाही. ती पेनाच्या धंद्यातून आपल्याकडे आलेली आहे, आणि तिच्यातली मापे, तिचे आटे, तिचे रिफिल या सगळ्यांचा उगम त्या धंद्यात आहे. म्हणून आपल्या तीन पाकिटांपैकी मूळ कोणते, या प्रश्नाचे उत्तर पाकिटावर सापडणार नाही. ते आतल्या नळीत आणि रिफिलमध्ये सापडेल.

आपल्यापुढे सगळ्यांत साधे किट ठेवा. त्याला बहुतेक सगळीकडे ‘स्लिमलाइन’ म्हणतात. पाकीट ताटात मोकळे केले की दोन पितळी नळ्या, टोकाचा शंकू, पिळण्याची यंत्रणा, मधली कडी, क्लिप, वरची टोपी आणि रिफिल एवढे भाग निघतात. नळी सुमारे ५३ मिलिमीटर लांब असते आणि तिचा बाहेरचा व्यास ७ मिलिमीटरच्या किंचित आत असतो, म्हणजे ७ च्या छिद्रात ती सरकून जाते आणि भोवती गोंदापुरती जागा राहते. आता टोकाच्या शंकूची मागची बाजू पाहा. ती नळीत दाबून बसते, तिला आटे नाहीत. यंत्रणासुद्धा दाबूनच बसते. आटे एकाच ठिकाणी आहेत, ते यंत्रणेच्या तोंडाशी, आणि त्यात रिफिलचे मागचे टोक फिरवून बसवायचे असते.

हे रिफिल म्हणजे साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. याला जगभर क्रॉस पद्धतीचे रिफिल म्हणतात. क्रॉस ही अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे १८४६ साली सुरू झालेली कंपनी. तिची शंभरी भरली तेव्हा, १९४६ मध्ये, तिने ‘सेंच्युरी’ नावाचे सडपातळ पेन बाजारात आणले, आणि पुढे त्याच घाटाचे पिळून चालणारे बॉलपेन जगभर भेटवस्तू म्हणून गेले. निवृत्तीच्या समारंभात शालीसोबत दिले जाणारे ते बारीक, चकचकीत, वरचा भाग पिळला की टोक बाहेर काढणारे पेन आपण नक्की पाहिले असेल. ते क्रॉसचे असेल किंवा त्या घाटाचे असेल. त्या पेनाचे अंग म्हणजे पितळेची नळी असते आणि तिच्यावर मुलामा किंवा लॅकर चढवलेले असते. किटातली नळी शेजारी ठेवून पाहा. तेच अंग आहे, फक्त वस्त्राविना. कारखान्यात जिथे मुलामा चढतो तिथे आपण लाकूड चढवतो.

सात मिलिमीटरचे कोडेही इथेच सुटते. रिफिलचा व्यास ठरला की त्याला पुढे-मागे नेणाऱ्या यंत्रणेचा व्यास ठरतो, यंत्रणा जिच्यात घट्ट बसायची त्या नळीचा आतला व्यास ठरतो, पितळी नळीची जाडी पाव-तीन दशांश मिलिमीटरच्या घरात ठेवली की बाहेरचा व्यास सातच्या आत येऊन थांबतो, आणि लाकडाला पाडायचे छिद्र आपोआप ७ मिलिमीटरचे होते. आपल्याकडचे जुने मिस्त्री अजूनही सुतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. त्या हिशेबाने ७ मिलिमीटर म्हणजे दोन सुतांहून जरा जास्त, आणि अशा अडनिड्या मापाचे कारण लाकडात शोधले तर सापडत नाही, ते रिफिलात आहे.

आता हे भाग करतो कोण, याकडे वळू. गेल्या काही दशकांत जगातल्या पेन किटांपैकी फार मोठा वाटा तैवानने पुरवला आणि नंतर चीनने. तैवानमध्ये दुसऱ्यांच्या नावाने पेन आणि पेनाचे भाग करून देणारे कारखाने होतेच. डायाकॉम हे त्यातले पेन टर्निंगच्या मंडळींना परिचित असलेले नाव. अशा कारखान्याजवळ क्लिपचे डाय, म्हणजे पत्रा कापून आकार देणारे साचे असतात, शंकू काढणारे ऑटोमॅटिक लेथ असतात, मुलाम्याच्या टाक्या असतात. त्याला नळ्या थोड्या वेगळ्या लांबीने कापून, बाकीचे भाग तेच ठेवून, एका पिशवीत भरून द्यायला नवीन काहीच उभारावे लागत नाही. मी कारखान्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत म्हणून ठामपणे म्हणतो, की किटाची किंमत इतकी कमी असण्याचे कारण हेच आहे. ज्या डायचा खर्च पेनांनी आधीच फेडला आहे, त्या डायमधून ही क्लिप पडते.

मागणी मात्र अमेरिकेतून आणि ब्रिटनमधून आली. १९७० आणि १९८० च्या दशकांत तिथे लाकूड कातणे हा घरगुती छंद म्हणून झपाट्याने वाढला. १९८६ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संस्था स्थापन झाली. यूटा राज्यातील प्रोव्हो येथे डेल निश या लाकूडकामाच्या प्राध्यापकांनी सुरू केलेले ‘क्राफ्ट सप्लाइज यूएसए’, फिलाडेल्फियाचे ‘पेन स्टेट इंडस्ट्रीज’, ओहायोतील ‘बेरिया हार्डवुड्स’, शिवाय ‘वुडक्राफ्ट’ आणि ‘रॉक्लर’ यांसारखी दुकाने टपालाने कॅटलॉग पाठवून हत्यारे आणि लाकूड विकत असत. वाडगा कातायला मोठा लाकडी गड्डा आणि जड लेथ लागतो, तर पेनाला तळहातावर मावणारा तुकडा पुरतो. वखारीत जळणाला जाणाऱ्या तुकड्यातून संध्याकाळभरात एक देण्यासारखी वस्तू उभी राहते, हे लक्षात आल्यावर या दुकानांनी पूर्वेकडच्या कारखान्यांकडून भाग मागवायला सुरुवात केली. १९९० च्या दशकात टेबलावर ठेवायचे छोटे लेथ स्वस्त झाले आणि हा छंद गॅरेजांत आणि माळ्यांवर जाऊन बसला. आपला लेथही त्याच घराण्यातला आहे, सर. बहुतेक अशा लेथांच्या डोक्यात दोन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे हत्यार घट्ट बसवण्याचे निमुळते छिद्र असते, आणि किटे विकणाऱ्यांनी पेनाचा मँड्रेलही, म्हणजे ज्या दांड्यावर लाकूड चढवून कातायचे तोही, त्याच टेपरचा ठेवला.

नावांचा घोळ इथून सुरू झाला. कारखाना पूर्वेकडे, दुकाने पश्चिमेकडे, आणि प्रत्येक दुकानाला आपला माल आपल्या नावाने हवा. एक उदाहरण देतो, कारण मीही यात फसलो आहे. एकाच नळीचे, मागे पिळून चालणारे एक किट आहे. बेरिया हार्डवुड्सने ते ‘सिएरा’ नावाने विकले, वुडक्राफ्टकडे त्याच धर्तीचे किट ‘वॉल स्ट्रीट २’ म्हणून मिळते, आणि पेन स्टेट इंडस्ट्रीजकडे ‘गॅट्सबी’ म्हणून. तिन्हींना २७/६४ इंचाचे ड्रिल लागते. नावे वाचून मी दोन वेगळी किट समजून दोन वेगळे बुश संच (लाकूड नेमक्या मापापर्यंत कातण्यासाठी मँड्रेलवर त्याच्या दोन्ही टोकांना लावायच्या कड्या) मागवले होते, आणि दोन्ही संच मापात सारखे निघाले. तेव्हापासून माझ्या वहीत किटाचे नाव मी नंतर लिहितो. आधी नळीचा बाहेरचा व्यास, मग तिची लांबी, मग बुशचा व्यास, मग रिफिलचा प्रकार, आणि शेवटी विक्रेत्याने दिलेले नाव. चार आकडे जुळले की ते किट एकच, मग पाकिटावर काहीही छापलेले असो.

मात्र मापे जुळणे म्हणजे दर्जा जुळणे नव्हे, याची जाणीव ठेवा. एकाच घाटाचे भाग दोन कारखाने करू शकतात, आणि एकाच कारखान्यातून दोन दर्जांचा माल निघू शकतो. फरक ओळखायला मी दोन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे यंत्रणा. तिच्या आत मळसूत्री खाच असते आणि खाचेतून एक छोटी खुंटी सरकत रिफिलला पुढे नेते. चांगली यंत्रणा सावकाश पिळली तर बोटाला कुठेही खडखड लागत नाही, आणि शेवटाला ती ठामपणे थांबते. दुसरी गोष्ट मुलामा. ‘२४ कॅरेट’ असे लिहिलेला सोन्याचा मुलामा अतिशय पातळ आणि मऊ असतो. रोज वापरणाऱ्याच्या बोटांखालचा शंकू काही महिन्यांत पांढुरका दिसू लागतो. ज्याला ‘टिटॅनियम गोल्ड’ म्हणतात तो टिटॅनियम नायट्राइडचा थर असतो, कारखान्यात कटिंग टूलवर जो सोनेरी लेप असतो त्याच जातीचा, आणि तो कितीतरी जास्त टिकतो. क्रोम आणि ऱ्होडियमही टिकाऊ. आपण जर पेन कोणाला निवृत्तीला किंवा लग्नात देणार असाल, तर कृपा करून २४ कॅरेटचा मोह टाळा. लाकडावर आपण दिलेले कष्ट त्या शंकूमुळे वर्षभरात जुने दिसू लागतात.

मिलिमीटर आणि इंच यांची जी सरमिसळ आपल्याला खटकली, तीही याच इतिहासातून आली आहे. तैवानचा कारखाना मिलिमीटरमध्ये काम करतो आणि अमेरिकेतला ग्राहक इंचाचे ड्रिल वापरतो, म्हणून स्लिमलाइनला ७ मिलिमीटर, सिगार नावाच्या जाड पेनाला १० मिलिमीटर, आणि सिएराला २७/६४ इंच अशी खिचडी झाली. २७/६४ म्हणजे १०.७१६ मिलिमीटर. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात साडेदहाचे ड्रिल सहज मिळते. पहिल्या सिएराला मी तेच मारले, नळी अर्ध्यात अडकली, गोंद आवळला आणि जुन्या शिसवाचा एक सुरेख तुकडा वाया गेला. आता मी १०.७ चे ड्रिल खास मागवून ठेवले आहे. आपणही किट मागवण्याआधी ड्रिल मागवा.

सिएराचे आणखी एक महत्त्व आहे. त्यात क्रॉसचे रिफिल चालत नाही, पार्करचे लागते. पार्करने १९५४ मध्ये ‘जॉटर’ हे पेन काढले, आणि त्या रिफिलचा आकार पुढे इतका रूढ झाला की आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १२७५७ क्रमांकाच्या मानकात त्याला जी-२ असे नाव मिळाले. कितीतरी कंपन्या तो आकार करतात, म्हणून बेळगावच्या खडेबाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात तो हमखास मिळतो. क्रॉसच्या आकाराचे रिफिल मात्र मागवावे लागते. मी कोणाला पेन दिले आणि वर्षाने त्यांनी विचारले, “शाई संपली, आता काय करू?”, तर मला उत्तर देता आले पाहिजे. म्हणून आपल्या भागात देण्यासाठी पेन करायचे असेल तर पार्कर रिफिलचे किट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक सावधगिरी सांगतो. पायलट कंपनीचे जी-२ नावाचे जेल पेन आहे, त्याच्या रिफिलचा या मानकाशी काही संबंध नाही. दुकानदाराला ‘जी-टू’ म्हणण्यापेक्षा ‘पार्करचे रिफिल’ म्हणा.

स्लिमलाइननंतर जी किटे आली, त्यांतली बरीचशी अशीच कोणत्या ना कोणत्या नावाजलेल्या पेनाच्या घाटावर बेतलेली आहेत. ‘युरोपियन’ नावाच्या किटाचा मधला रुंद पट्टा आणि गोल टोपी पाहिली की मोंट ब्लांक या नावाजलेल्या पेनाची आठवण होते. गंमत अशी की त्याच्याही नळ्या आणि रिफिल स्लिमलाइनचेच, ७ मिलिमीटरचे. फक्त वरच्या लाकडाच्या टोकाला पट्टा बसण्यासाठी पायरी कातावी लागते. म्हणजे एकाच सांगाड्यावर दुसरा पोशाख.

शाईच्या पेनाच्या किटांविषयी थोडक्यात सांगतो, कारण आपण अजून तिकडे वळला नाहीत. त्यांत धातूच्या भागांना आटे असतात, टोपण फिरवून लागते, आणि निब बहुधा पाच किंवा सहा नंबरचे असते. जर्मनीतील हायडेलबर्गचे बोक, बर्लिनचे योवो आणि ब्लॅक फॉरेस्टमधील सांक्ट गेओर्गेनचे श्मिट ही नावे निबांच्या संदर्भात आपल्या वाचनात येतील, आणि त्यांचा माल उत्तम असतो. मात्र स्वस्त किटातल्या निबावर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ अशी अक्षरे कोरलेली असली म्हणून ते निब जर्मनीत घडले असे समजू नका. बहुतेक वेळा ते चीनमध्येच घडलेले असते.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला सर्वांत जवळचा आहे. पेन लेथवर कातणे ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉटरमनना शाईच्या पेनाचे पेटंट मिळाले, तेव्हापासून कितीतरी दशके शाईच्या पेनाचे अंग एबोनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या, कांडीतून लेथवर कातूनच केले जात असे. आंध्रातील राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात याच पद्धतीने पेन करायला घेतले, आणि १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना त्यांच्या पेनाविषयी पसंतीचे पत्र लिहिले. आजही त्या गावात एबोनाइटचे पेन हाताने कातले जातात. त्या पेनात किट नाही. कांडी घ्यायची, आतून पोखरायची, आटे लेथवरच पाडायचे, निब आणि त्याखालची जीभ बसवायची, आणि पोकळ अंगातच ड्रॉपरने शाई भरायची.

मग लाकडाला ते का जमत नाही? कारण लाकूड शाई पिते. लाकडात पाडलेले बारीक आटे दोन पावसाळ्यांत झिजतात किंवा फुगतात. लाकडात धातू दाबून बसवला तर ते तडकते. एबोनाइट ओलाव्याने हलत नाही, म्हणून त्याला अस्तर लागत नाही, आणि लाकूड ऋतूप्रमाणे हलते म्हणून त्याला आतून एक स्थिर नळी लागते. पाश्चात्य छांदिष्टांच्या हाती लाकूड होते. लाकडाला पितळी अंग हवे होते, आणि असे अंग क्रॉसच्या घाटाचे पेन करणाऱ्या कारखान्यांत आयते पडून होते. या दोन गरजा एकमेकींना भेटल्या आणि किट जन्मले, असे मी समजतो. अलीकडे अमेरिकेत आणि युरोपात ज्याला किटविरहित पेन म्हणतात, म्हणजे टॅप आणि डाय या हातहत्यारांनी आटे पाडून, फक्त निब विकत घेऊन केलेले ॲक्रिलिकचे किंवा एबोनाइटचे पेन, ते राजमहेंद्रीच्या कारागिराला समजावून सांगावे लागणार नाही.

बेळगावात किट का होत नाही, याचे उत्तर मी हाताने शोधले आहे. निवृत्तीनंतर मित्राच्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळी लेथ रिकामा असे. मी पितळी कांडीतून शंकू कातला, कडी कातली, वरची टोपी कातली, आणि ती किटातल्या भागांपेक्षा सरस झाली हे अभिमानाने सांगतो, कारण त्यांना मुलाम्याची गरजच नव्हती. नुसते पितळ पॉलिश केले की काळाबरोबर ते आपल्या घरातल्या समईसारखे रंग धरते. नळीही मिळाली, फक्त आतून छिद्र नेमक्या मापाचे करणारा रीमर फिरवावा लागला. अडले ते दोन ठिकाणी. क्लिप ही पत्र्यातून डायने कापून, वाकवून, स्प्रिंगसारखी ताठ ठेवायची असते, आणि एका क्लिपसाठी डाय करणे म्हणजे एका भाकरीसाठी चक्की उभारणे. दुसरी अडचण पिळण्याच्या यंत्रणेची. ४ मिलिमीटरच्या आसपासच्या पोकळीत मळसूत्री खाच आणि तीत सरकणारी खुंटी मी करून पाहिली. एक यंत्रणा करायला मला अडीच दिवस लागले, आणि ती चालली. पण तिचा हिशेब कोणत्याही मालकाला मांडून दाखवता येण्यासारखा नाही. आपल्या गावात कौशल्य नाही असे मुळीच नाही. एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावे लागणारे स्पूल इथून देशभर जातात. हजारोंच्या संख्येने पेनाचे भाग घेणारा ग्राहक इथे नाही, एवढेच कारण आहे. ज्या दिवशी असा कोणी उभा राहील, त्या दिवशी डाय करणारे हात उद्यमबागेत शोधावे लागणार नाहीत.

तोपर्यंत अर्धे किट आपले, अर्धे बाहेरचे, हा मार्ग मी धरला आहे आणि आपल्यालाही सुचवतो. यंत्रणा, क्लिप आणि रिफिल किटातले घ्या. शंकू आणि कडी शक्य झाल्यास पितळेत करून घ्या. आपल्या ओळखीत लेथवाला असेलच, आणि किटातला भाग नमुना म्हणून दिला की तो तासाभरात करून देईल. त्याला एवढेच सांगा की नळीत जाणारा भाग नळीच्या आतल्या व्यासापेक्षा ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरने जास्त ठेव. त्याहून जास्त ठेवला तर दाबताना लाकूड उभे चिरते.

लाकडाच्या बाबतीत खानापूरकरांना कमतरता नाही, फक्त काळजी हवी. जून ते सप्टेंबर या दिवसांत जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला हवा इतकी ओली असते की वखारीतला कोरडा तुकडाही पाणी धरतो. त्या दिवसांत नळी चिकटवून पेन पुरे केले, की मार्चमध्ये लाकूड आकसते, आतली पितळी नळी आकसत नाही, आणि कडीजवळ केसासारखी उभी चीर दिसते. कारागिराचा दोष नसतो, किटाचाही नसतो. मी पेनासाठी कापलेले तुकडे, साधारण १९ मिलिमीटर चौरस आणि १३० मिलिमीटर लांब, घरातल्या फडताळावर ठेवतो आणि सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर दर रविवारी त्यांचे वजन करतो. सलग चार रविवार वजन तेच राहिले, तरच त्यात ड्रिल घालतो.

शिसव वापरणार असाल तर जुन्या फर्निचरचे वापरा, आणि नवे घेतले तर बिल जपून ठेवा. शिसव ज्यात मोडते त्या संपूर्ण डालबर्जिया प्रजातीचा २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला आहे, त्यामुळे परदेशातल्या मुलाला किंवा मित्राला शिसवाचे पेन पाठवण्याआधी चौकशी करावी लागते. माझी स्वतःची आवड चिंचेच्या गाभ्याची आणि बाभळीची. आमच्या वाड्यात गोठ्यामागे बैलगाडीचे एक मोडके चाक चाळीस वर्षे पडून होते. त्याचा एक बाभळीचा आरा मी कापला. वरचा राखाडी थर निघाल्यावर आत खजुरासारखे तपकिरी, घट्ट लाकूड लागले, इतके कोरडे की स्क्यू, म्हणजे तिरप्या धारेची पटाशी, लावली तर भुसा पडण्याऐवजी धूळ उडत होती. एका आऱ्यातून सहा पेन निघाले. सहाही पेनांत तैवानच्या नळ्या आहेत, आणि वरचे शंकू माझ्या हातचे पितळी आहेत.

आपली तीन पाकिटे घेऊन एखाद्या रविवारी या. व्हर्निअर माझ्याकडे आहे. तिन्हींतल्या नळ्या मोजू, यंत्रणा एकातून काढून दुसऱ्यात बसते का पाहू, आणि बसली तर त्यांतल्या सर्वांत चांगल्या यंत्रणेभोवती आपले पहिले पेन जोडू. चाकाचे अजून पाच आरे शिल्लक आहेत, त्यातला एक आपल्यासाठी कापून फडताळावर ठेवला आहे.